बरणीतला खिळा

सिस्टरना मिळालेला एकही पुरस्कार वाया गेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. मानचिन्ह जितकं जड तितकी देणारी संस्था मोठी, असा आपल्याकडे एक समज आहे. सिस्टरना तो समज फार आवडायचा. चपलेच्या तळाला रबर चिकटवलं की ते दिवसभर दाबून ठेवावं लागतं आणि त्यासाठी वजन लागतं. आमच्या कारखान्यात, म्हणजे दोन टेबलं आणि एक शिलाई मशीन एवढ्याच ऐवजात, लाकडी ढाली, पितळेच्या समया आणि काचेचा एक पृथ्वीगोल ओळीनं चपलांवर बसलेले असत. "सन्मानचिन्हं कुठे ठेवता?" असं विचारत एकदा एक वार्ताहर मुलगी आली होती. "कामाला लावलीत," सिस्टर म्हणाल्या, आणि पृथ्वीगोल उचलून त्यांनी तिला खालची चप्पल दाखवली.

शाली आल्या की आधी जरीचे काठ उसवायचे. जरीची तार टोचते, आणि ज्याला टोचलेलं कळत नाही त्याला ती जखम करते. उरलेली शाल कुणाच्यातरी गुडघ्यांवर जायची. नारळ रविवारच्या कालवणात. पुष्पगुच्छांशी मात्र त्यांचं जमलं नाही. "याचा काय करू?" असं त्या देणाऱ्याला तिथल्या तिथे विचारत आणि तो बिचारा फोटो निघेपर्यंत हसत राही.

आमची वसाहत कल्याणच्या बाहेरच्या अंगाला आहे. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं तिथे राहतात, त्यांची मुलं-नातवंडं राहतात. मुलं रिक्षा चालवतात, दुकानात कामाला जातात, एक मुलगी तर घोडबंदर रोडच्या कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर बसते. औषधानं हा रोग पूर्ण जातो, हे आता सगळ्यांना माहीत असतं. पण मेलेली नस परत येत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. तळव्याखाली काच आली, निखारा आला, पायाला पत्ताच नसतो. दुखलं असतं तर माणूस थांबला असता. दुखत नाही म्हणून तो चालत राहतो आणि खडा हाडापर्यंत जातो. सिस्टरांचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरायचं. सकाळी पाय भिजवायचे, घासायचे, तेल लावायचं, जखम असेल तर ड्रेसिंग, आणि घालायला मऊ रबराच्या, बिनखिळ्याच्या चपला. मी तिथे एकोणीस वर्षं ड्रेसिंग केलं.

मी काही समाजसेवा वगैरे करायला गेले नव्हते. मानपाड्याच्या कंपनीतली नवऱ्याची नोकरी गेलेली, माझा नर्सिंगचा कोर्स लग्नामुळे अर्धवट सुटलेला, आणि जागा आहे असं कुणीतरी सांगितलं. मी इस्त्रीची साडी नेसून, पावडर लावून मुलाखतीला गेले. सिस्टर व्हरांड्यात स्टुलावर बसल्या होत्या. उंचीनं बेताच्या, फिकट बदामी साडी, गळ्यात क्रूस, आणि पुढ्यात कुणाचातरी पाय. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तोंड नको दाकवू, पाय दाकव."

मी चप्पल काढली. त्यांनी माझी टाच बघितली, मग चपलेत हात घातला आणि आतून सावकाश अंगठा फिरवला. "उद्या ये," म्हणाल्या. झाली मुलाखत.

बाई विक्षिप्त आहे असं मी घरी येऊन सांगितलं. होत्याच विक्षिप्त. पण त्या वाक्याचं कारण मला महिन्याभरानं कळलं. नवीन माणूस यायचा तो पदर नाहीतर रुमाल तोंडावर घेऊनच यायचा. घरच्यांनी, गावच्यांनी, बसमधल्या शेजाऱ्यानं त्याच्या तोंडाकडे बघून जे काही करायचं ते करून झालेलं असायचं. अशा माणसाला 'तोंड दाखवू नकोस' म्हणणारी ही पहिलीच बाई. तो मुकाट पाय पुढे करायचा. दोन-तीन आठवड्यांनी रुमाल आपोआप खाली यायचा, आणि सिस्टर तेव्हाही वर बघायच्या नाहीत. त्या माणसं पायांवरून ओळखायच्या. माझं तोंड त्यांनी कधी नीट बघितलंय की नाही, याची मला बरीच वर्षं शंका होती.

त्यांच्या मराठीबद्दल सांगायलाच हवं. जन्म केरळातला. धर्मभगिनींच्या संघानं त्यांना पहिल्यांदा पाठवलं ते ठाण्याला, बाळकुमला, आणि तेव्हाचं बाळकुम म्हणजे खाडी, भातशेती आणि कौलारू घरं. दवाखान्यात येणाऱ्या आगरी-कोळी बायकांनी त्यांना मराठी शिकवलं. पुस्तकातलं मराठी त्या कधी शिकल्याच नाहीत. त्यामुळे पुढे आयुष्यभर त्या आगरीतच बोलल्या, तेही मल्याळी हेल काढून, आणि समोर मोठमोठी माणसं असली तरी त्यात फरक पडला नाही. त्या बायकांनी त्यांना 'तुम्ही' हा प्रकार शिकवला नव्हता. सगळं जग त्यांच्या लेखी 'तू'.

एकदा एक बडे अधिकारी पाहणीला आले. मागे चार जण फायली घेऊन. सिस्टर म्हणाल्या, "बस रं तू. बुटान काय हाय बगू." साहेब गांगरले, पण बसले. बूट निघाला. सिस्टरनी आत हात घातला आणि कंगव्याचा एक तुटका दात बाहेर काढला.

"अहो, दोन दिवस टोचतंय," साहेब म्हणाले. "बघायला वेळच नाही मिळाला."

"टोचला ना? मंग नशीब तुजा," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांच्यासमोर बरणी ठेवली.

ही बरणी म्हणजे आमच्या व्हरांड्यातला देव्हारा म्हणा ना. लोणच्याची जाड काचेची बरणी, आणि तिच्यात आजवर माणसांच्या चपलांमध्ये जे जे सापडलं ते सगळं. काटे, खडे, काचा, चिंचोके, बाटलीचं बूच, एक दुधाचा दात, एक सोन्याची चमकी, आणि खिळे. खिळे सगळ्यात जास्त. रोज सकाळी प्रत्येकानं आपली चप्पल सिस्टरपुढे धरायची आणि त्या आत हात फिरवायच्या, कारण पायाला कळत नसेल तर कुणाच्यातरी हाताला कळायला हवं. काही निघालं तर ज्याची चप्पल त्यानंच ते बरणीत टाकायचं आणि टाकताना मोठ्यानं सांगायचं, हे माझं, इथे लागलं, असं लागलं. ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही आणि सांगणाऱ्यानं खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नियम. "खोटा बोलाचा नाय," सिस्टर म्हणायच्या. "खोटा बोललास का जखम आतून वारते." वारते म्हणजे वाढते. साहेबांनीही कंगव्याचा दात बरणीत टाकला आणि चार जणांदेखत सांगितलं की हे माझं, मुलीच्या खोलीतून आलं असावं. पुढच्या महिन्यात आमच्याकडे पाण्याची नवी लाईन आली.

माझ्या सासूबाईंचा या नोकरीला कडवा विरोध होता. मूळच्या देवगडच्या, सोवळ्या-ओवळ्याच्या. मी घरी आले की आधी बाथरूम, मग स्वयंपाकघर, असा दंडक होता. हे सिस्टरना कळलं कसं कोण जाणे, पण एका दुपारी त्या थेट आमच्या घरी उगवल्या. सासूबाई दारात उभ्या, आत ये म्हणेनात. सिस्टरनी खाली बघितलं आणि म्हणाल्या, "आयव, टाच कवरी फाटलीय तुजी. चालतंस कशी?" घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. पाच मिनिटांनी सासूबाई बादलीत पाय सोडून बसल्या होत्या आणि सिस्टर शेजारी खाली बसून जपमाळ ओढत होत्या. पाय किती वेळ भिजवायचे याचं त्यांचं माप घड्याळाचं नव्हतंच. एक जपमाळ पूर्ण झाली की पाय बाहेर. वसाहतीत कुणाला ख्रिस्ताची प्रार्थना येत नव्हती, पण एक माळ म्हणजे किती पाणी हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. तेवढ्या वेळात सासूबाईंनी रामरक्षा दोनदा म्हटली. बाथरूमचा दंडक त्या दिवसापासून सुटला आणि पुढे सासूबाईंनी मला जेवढं ऐकवलं ते सगळं सिस्टरच्या बाजूनं.

आता माझ्या चुकीकडे येते. ती सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही आणि माझी सुटकाही होत नाही.

तीन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी, सिस्टरना एक खूप मोठा पुरस्कार जाहीर झाला. समारंभ घोडबंदर रोडवरच्या एका झगमगीत सभागृहात. सिस्टर नेहमी आमच्या कारखान्यातलीच चप्पल घालत, जाड रबराची, रुंद पट्ट्यांची, रुग्णांची असते तीच. मला ते बरं वाटेना. स्टेजवर सगळे त्यांच्या पायांकडे बघतील, आणि या बाईलाही तोच रोग आहे की काय असं म्हणतील. हो, असंच आलं होतं माझ्या मनात. सतरा वर्षं त्या पायांना मलमपट्टी करणाऱ्या माझ्या मनात. मी डोंबिवलीत मानपाडा रोडच्या दुकानातून काळ्या, मागून बंद, नाजूक सॅंडल आणल्या.

सिस्टरनी सॅंडलकडे बघितलं. "खिला हाय काय आत?"

"नाही हो," मी म्हणाले.

मी आत हात घातलाच नव्हता. दारातून आत येणारा प्रत्येक खिळ्याचा जोड मी स्वतः बाहेर फेकत आले होते, पण ही चप्पल रुग्णाची नव्हती. सिस्टरचे पाय चांगले आहेत हे मी धरूनच चालले होते. त्यांना साखर आहे एवढं माहीत होतं. गोळी घेतलीत का विचारलं की त्या "घेतली" म्हणत, आणि मी पुढे विचारत नसे. त्यांनीही माझ्या शब्दावर भरवसा ठेवून सॅंडल चढवल्या. "तुजे मनासाठी," म्हणाल्या.

सभागृह गच्च भरलं होतं. सूत्रसंचालिकेनं सिस्टरना करुणेचा सागर, सेवेचा नंदादीप वगैरे म्हटलं. सिस्टर माइकसमोर आल्या. "मना भाषान येत नाय," म्हणाल्या. "तुमी सगल्यांनी बूट काडा. आत हात घाला. बगा काय हाय." आधी लोक हसले. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग पहिल्या रांगेतले पाहुणे वाकले, मागोमाग दुसरी रांग, आणि बघता बघता तो सगळा सुटाबुटातला, पैठण्यांमधला समाज खुर्च्यांवरून वाकून आपापल्या बुटांत हात घालून बसला. "हाताला कलला? पायाला पन कलला असता. आमचे लोकांना नाय कलत. एवराच काम हाय आमचा," असं म्हणून त्या खाली उतरल्या. टाळ्या थांबेनात. माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका.

आणि तो सगळा वेळ त्यांच्या उजव्या पायात खिळा होता.

परतताना गाडी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. आयोजकांची गाडी, पांढरीशुभ्र कव्हरं. सिस्टरनी सॅंडल काढून पाय मोकळे केले आणि थोड्या वेळानं खाली बघून म्हणाल्या, "बाय, ह्या लाल कुटून आला?" पायाखालची चटई भिजली होती. मी सॅंडल उचलली आणि सवयीनं आत हात घातला. खिळा माझ्या बोटात गेला आणि मी ओरडले. माझं बोट होतं, म्हणून कळलं.

डॉक्टर आमचे नेहमीचेच होते. अंगठ्याच्या मुळाशी खोल भोक पडलं होतं.

"दुखलं नाही तुम्हाला?"

"नाय."

"कधीपासून कळत नाही पायाला?"

"दोन पावसाले झालं," म्हणाल्या.

साखरेनं त्यांच्या पायाच्या नसा गेल्या होत्या. दोन वर्षं त्यांना माहीत होतं आणि त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मी चिडले. रोज सगळ्यांच्या चपला तपासता आणि स्वतःची कुणापुढे धरत नाही, असं त्यांना फाडफाड बोलले. त्या खाली बघत म्हणाल्या, "कलला तर नेतील मना." त्यांच्या संघात आजारी, थकलेल्या सिस्टरांना नाशिककडच्या एका घरात नेतात. चांगली जागा आहे, झाडं आहेत, सेवा होते. पण तिथे वसाहत नव्हती. सिस्टरना मरणाची भीती कधीच वाटली नाही, या व्हरांड्यातून उठवलं जाण्याची वाटत होती.

"कशानं लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हॉलबाहेर खडी टाकलेली," मी चटकन म्हणाले. "त्यातलाच दगड असणार."

तेव्हा सिस्टरनी मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मी घरी येऊन पकडीनं तो खिळा उपसला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला. फेकवेना आणि दाखववेना.

जखम चिघळली. अंगठा ठेवायचा की काढायचा यावर आठ दिवस गेले. सिस्टर खाटेवर, पाय उशीवर, आणि मी रोज ड्रेसिंग करत होते. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. न विचारल्यामुळे मला जेवण जाईना.

नवव्या दिवशी त्यांच्या संघाच्या मुख्य सिस्टर आल्या. वयानं यांच्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलायला मृदू, माणूस वाईट मुळीच नव्हतं. त्या दिवशी सिस्टरनी हट्टानं स्वतःला खुर्चीसकट व्हरांड्यात आणवलं होतं. समोर बाकावर नेहमीची रांग बसलेली होती, पाय बादल्यांत. मुख्य सिस्टरनी सगळं बघितलं.

"अनवाणी फिरत असणार त्या," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पण व्हरांडा लहान, ऐकू सगळ्यांना गेलं. "दगड लागेल नाहीतर काय होईल? स्वतःची काळजी घ्यायची सवयच नाही. आता पुष्कळ केलं त्यांनी. सोमवारी गाडी पाठवते."

सिस्टर म्हणाल्या, "तू सांगशील तसा." आज्ञा पाळण्याचं व्रत त्यांनी घेतलं होतं ते सोयीपुरतं घेतलेलं नव्हतं. पण मांडीवरची जपमाळ त्यांनी मुठीत घट्ट धरली होती, आणि ते मला बघवलं नाही. बेफिकीर म्हणून त्यांना नेणार होते, आणि बेफिकीर मी होते.

मी पर्स उघडली, खिळा काढला आणि बरणीचं झाकण फिरवलं.

"हा माझा," मी म्हणाले. "म्हणजे पाय सिस्टरचा, पण खिळा माझा. सॅंडल मी आणल्या. त्यांनी विचारलं होतं खिळा आहे का, मी हात न घालता नाही म्हणाले. दगड वगैरे काही नव्हता. त्या अनवाणी फिरत नाहीत. आपल्या चपलेत स्टेजवर गेल्या असत्या तर काहीच झालं नसतं. मला लाज वाटली आपल्या चपलेची." शेवटचं वाक्य बाकाकडे बघून म्हटलं, कारण ते त्यांना सांगायचं होतं.

खिळा खणकन् बरणीत पडला. नियमाप्रमाणे कुणी रागावलं नाही.

पण मुख्य सिस्टरचा चेहरा उतरला. "म्हणजे एवढा वेळ खिळा पायात होता," त्या हळूच म्हणाल्या, "आणि यांना कळलं नाही? मग तर इथे ठेवणं शक्यच नाही."

वाचवायला म्हणून खरं बोलले आणि खऱ्यानंच घात केला, असं वाटलं.

बाकाच्या कोपऱ्यात अनसूयाआजी बसल्या होत्या. सोलापूरकडच्या, वसाहतीतल्या सगळ्यात जुन्या. दोन्ही हातांची बोटं गेलेली, जीभ मात्र शाबूत. बादलीतून पाय न काढता त्या म्हणाल्या, "आमास्नी बी कळत न्हाई की, बाई. आमास्नी कोन न्हेतंय?"

आजींनी पाय बाहेर काढले, पुसले, आणि खुर्चीखालची सिस्टरची रबरी चप्पल दोन मनगटांत धरून उचलली. पायरीवर तीनदा आपटली. मग शेजारच्या बाईकडे दिली. हिच्या हातापायांना कळत नव्हतं, पण नजर घारीची. तिनं चप्पल उन्हात धरून आतून बाहेरून पाहिली आणि पुढे सरकवली. अशी ती लिंबाजीकाकांपाशी पोचली. चपला तेच शिवायचे, आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याला अजून सगळं कळायचं. त्यांनी आत अंगठा फिरवला, टाचेपासून बोटांपर्यंत, सिस्टर फिरवायच्या अगदी तसाच.

"साफ हाय," काका म्हणाले आणि चप्पल सिस्टरच्या डाव्या पायाशी ठेवली. मग मुख्य सिस्टरकडे वळून म्हणाले, "एकाला समदं कळंना, पर बाकावर मिळून कळतंय, ताई. आजपास्नं रोज बघू आमी. न्हेऊ नका."

अनसूयाआजी सिस्टरसमोर येऊन उभ्या राहिल्या. सिस्टरनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. डोळे भरले होते म्हणूनच, दुसरं काय. आजी म्हणाल्या, "त्वांड नगं दावू. पाय दाव."

सिस्टरनी पट्टी बांधलेला पाय पुढे केला.

मुख्य सिस्टर बराच वेळ बाकाच्या टोकाला बसून राहिल्या. निघताना त्यांनी आपले काळे बूट चढवण्याआधी लिंबाजीकाकांपुढे धरले. काही निघालं नाही. "दर शनिवारी मला फोटो पाठवायचा," त्या मला म्हणाल्या. "जखम एवढीशी जरी वाढली तरी मी गाडी पाठवणार, मग कुणाचं ऐकणार नाही. फोटो पायाचा हवा, तोंडाचा नको." सोमवारी गाडी आली नाही.

अंगठा वाचला. जखम भरायला दिवाळी उजाडली. आठवडाभर मी सिस्टरशी नीट बोलू शकले नव्हते, पण त्यांनी माझ्याकडून ड्रेसिंग करून घ्यायचं एकही दिवस थांबवलं नाही. पट्टी सुटली त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाल्या, "बाय, तुजी पन जखम भरली." तो पुरस्काराचा काचेचा स्तंभ तेव्हा चपलांवर आडवा झालेला होता. चांगला जड आहे, एका वेळी दोन जोड दाबतो. आणि सिस्टर रोज सकाळी रांगेत बसू लागल्या, मधे घुसून नाही, आपला नंबर येईल तेव्हा. पहिले काही दिवस त्यांना ते फार जड गेलं. दुसऱ्याच्या चपलेत हात घालणं सोपं असतं. आपली चप्पल दुसऱ्याच्या हातात देऊन वाट बघत बसणं त्यांना सत्तरी उलटल्यावर शिकावं लागलं. कधी कधी त्या घाई करत, तेव्हा अनसूयाआजी म्हणत, "माळ संपू दे, शिष्टर."

गेल्या वर्षी मी नोकरी सोडली. मुलानं बाळकुमला अठराव्या मजल्यावर घर घेतलंय, नातीला सांभाळायचं असतं. खिडकीतून टॉवरमागे टॉवर दिसतात. इथल्या कुठल्याशा गल्लीत एका मल्याळी मुलीनं मासळीच्या टोपलीपाशी बसून मराठी शिकून घेतलं होतं, हे सांगितलं तर लिफ्टमध्ये कुणाचा विश्वास बसायचा नाही. पण शनिवारी फोनवर एका उजव्या पायाचा फोटो येतो. मुख्य सिस्टरना जातो, तोच मलाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवसांतली एक सकाळ मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. एक मुलगी आली होती, विशी-बाविशीची. ओढणी डोळ्यांपर्यंत ओढलेली. पायाला जखम होती आणि ती कशी झाली ते ती सांगत नव्हती. मी विचारलं, लिंबाजीकाकांनी विचारलं, तिचं आपलं एकच, काही नाही, काही नाही. आई बाजूला उभी राहून कपाळ बडवत होती.

सिस्टर रांगेतून उठल्या, आपला नंबर सोडून. बरणी मांडीवर घेतली, आत हात घालून बराच वेळ शोधलं आणि एक बारीक, गंजलेला खिळा काढून मुलीच्या तळहातावर ठेवला.

"यो माजा," त्या म्हणाल्या. "माजे पायान व्हता. एवरे लोकांचे समोर भाषान करत व्हते मी, आन मना कललाच नाय."

मुलीनं खिळ्याकडे बघितलं, मग खाली, सिस्टरच्या पायाकडे. अंगठ्याच्या मुळाशी जखमेचा पांढुरका वण होता. ओढणी जागची हलली नाही. पण थोड्या वेळानं तिनं चप्पल काढली आणि पाय पुढे केला.